पाव मिलिमीटर

माझ्याकडे एक पितळी इंजिन आहे. तळहातावर मावेल एवढं. आठ जोडचाकं, मागे चार छोटी चाकं, पोटात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर. नऊ मिलिमीटरच्या रुळावर ठेवलं की ते छान धावतं. वळणावरही धावतं. फक्त सांधा आला की पडतं. सांधा म्हणजे एका रुळातून दुसरा रूळ फुटतो किंवा त्याला येऊन मिळतो ती जागा. तिथे ते दर वेळी, न चुकता पडतं.

ते का पडतं हे कळायला मला दोन वर्षं लागली. आणि एक क्लब काढावा लागला.

इंजिन आमच्या इमारतीतल्या काकांचं. पुण्यात पेठेत आमची जुनी इमारत होती, तिच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती आणि त्या खोलीत काकांची रेल्वे होती. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं लहानपण कुर्डुवाडीला गेलं. वडील तिथल्या नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यामुळे खोलीत जी गाडी धावायची ती डेक्कन क्वीन नव्हती, बार्शी लाइट रेल्वे होती.

बार्शी लाइटबद्दल तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने ती उभी केली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. कॅल्थ्रॉपचं म्हणणं असं होतं, की गाडीचं वजन सगळ्या आसांवर सारखं वाटलं आणि एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त येऊ दिलं नाही, तर हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. ते त्याने इथे सिद्ध करून दाखवलं. पुढे १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. कितीतरी वारकऱ्यांनी पंढरपूरचा प्रवास या छोट्या डब्यांतून केला. आता तो मार्ग ब्रॉडगेज झालाय. छोटी गाडी गेली.

काकांच्या खोलीत ती होती. बार्शी टाउनचं स्टेशन, पाण्याची टाकी, कडुनिंबाखाली उभा टांगा. रूळसुद्धा त्यांनी स्वतः डाग देऊन बनवलेले. मी शाळेतून आले की वर जायचे. मला एकच काम असायचं, सांधा बदलायचा. काका म्हणायचे, "सांधेवाल्या, लक्ष कुठाय?" आणि मी टेलिफोनच्या जुन्या स्विचची दांडी खाली ओढायचे.

मी शिकायला बाहेर गेले. काका वारले. इमारत पुनर्विकासाला गेली आणि घरच्यांनी गच्चीवरची खोली रिकामी केली. फळ्या, तारा, रूळ, सगळं भंगारवाल्याने वजनावर नेलं. मी दिवाळीत आले तेव्हा काकूंनी देव्हाऱ्याशेजारून रुमालात गुंडाळलेलं इंजिन काढून हातात ठेवलं. "तू खेळायचीस ना? घेऊन जा."

मला राग आला होता, पण कुणावर धरणार? दहा फूट लांब फळ्या नव्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार? आणि द्यायच्या म्हटलं तर द्यायच्या कुणाला? काकांना ओळखणारे शंभर लोक होते, पण त्यांच्या रेल्वेचं पुढे काय करायचं हे ठाऊक असलेला एकही नव्हता.

मी हा इतिहास वाचायला लागले ती या प्रश्नामुळे. बाकीच्या जगात माणूस गेल्यावर त्याच्या छोट्या गाडीचं काय होतं?

*

सुरुवातीला छोटी गाडी म्हणजे नुसतं खेळणं होतं. चावी द्या, फिरू द्या, मोडली की टाकून द्या. १८९१ साली जर्मनीतल्या मेर्क्लिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत वेगळी गोष्ट मांडली. त्यांनी रुळांच्या रुंदीची ठरावीक मापं केली आणि त्यांना क्रमांक दिले. आज एक गाडी घ्या, पुढच्या वर्षी तिला लागणारे आणखी रूळ घ्या, स्टेशन घ्या, डबे घ्या. धंद्याची युक्ती होतीच. पण त्यामुळे खेळणं वाढवता येऊ लागलं.

इंग्लंडमध्ये हेन्री ग्रीनली या इंजिनियरने १९०९ साली मॉडेल रेल्वेचं मासिक सुरू केलं. दुसऱ्याच वर्षी, १९१० मध्ये, लंडनमध्ये 'द मॉडेल रेल्वे क्लब' निघाला. जगातला सगळ्यात जुना मॉडेल रेल्वे क्लब म्हणून तो ओळखला जातो. तो अजून चालू आहे. दोन महायुद्धं होऊन गेली, वाफेची इंजिनं गेली, ज्या कंपन्यांच्या गाड्यांची मॉडेल्स ते लोक बनवत होते त्या कंपन्याच राहिल्या नाहीत, तरी क्लब आहे. किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ त्यांची स्वतःची इमारत आहे.

या क्लबने १९८०च्या दशकात 'कोपनहेगन फील्ड्स' नावाचा लेआउट बांधायला घेतला. लेआउट म्हणजे रूळ, घरं, डोंगर, सगळा देखावा मिळून. विषय त्यांच्याच परिसराचा, किंग्ज क्रॉसच्या उत्तरेकडचा, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला. मोजमाप इतकं लहान, की खऱ्या जगातल्या एक फुटाला इथे दोन मिलिमीटर. एकेक चाळ, एकेक धुराडं जुने नकाशे आणि फोटो बघून केलेलं. इतकी वर्षं झाली, काम चालूच आहे.

वाचताना मला हेवा वाटला तो त्यांच्या कारागिरीचा नाही. आमच्या काकांचा हात काही कमी नव्हता. हेवा वाटला तो सवडीचा. तिथे एखाद्याने अर्धी चाळ बांधून ठेवली आणि उद्या तो आला नाही, तर उरलेली अर्धी दुसरा कुणीतरी बांधेल. काकांच्या खोलीत तशी सोय नव्हती.

*

पण नुसती माणसं जमली म्हणजे क्लब होतो असं नाही. ते अमेरिकेत १९३०च्या दशकात कळलं.

मंदीचा काळ होता, पण हा छंद मात्र वाढत होता. मिलवॉकी शहरातून १९३४ मध्ये 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक सुरू झालं. गावोगावी मंडळं होती. अडचण एकच. याचं इंजिन त्याच्या रुळावर चालेना. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या डब्याला जोडता येईना. चाकाची कड किती खोल, दोन चाकांमध्ये किती अंतर, याचं प्रत्येकाचं शास्त्र वेगळं. तुम्ही मित्राकडे गाडी घेऊन जायचात आणि दोघं मिळून ती रुळांवरून पडताना बघायचात.

१९३५ च्या सप्टेंबरमध्ये, कामगार दिनाच्या सुट्टीत, लोक मिलवॉकीत जमले आणि त्यांनी राष्ट्रीय संघटना काढली. तिने पहिलं महत्त्वाचं काम केलं ते मापं ठरवण्याचं. रूळ, चाक, सांध्यातली फट, सगळ्याची. आजही त्यांचा धातूचा एक छोटा पत्रा मिळतो. त्याला खाचा असतात. चाक खाचेत बसलं तर ते जगात कुठेही चालेल, नाही बसलं तर फक्त तुमच्या घरी.

आता गंमत बघा. ठरलेलं माप अचूकच असायला पाहिजे असं नाही. इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त चालणारा प्रकार आहे 'ओओ'. त्यात गाडी खऱ्याच्या ७६ पट लहान, पण रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. साडेसोळाला ७६ ने गुणा, १२५४ येतात. खरा रूळ १४३५ मिलिमीटरचा. म्हणजे गाडीच्या मानाने रूळ चक्क अरुंद! कारण साधं होतं. साडेसोळाचे रूळ ८७ पट लहान गाडीसाठी बरोबर होते. पण ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगाने लहान. ती ८७ पट लहान केली की त्या काळची मोटर पोटात मावेना. मग गाडी थोडी मोठी केली आणि रूळ तेच ठेवले. हे चुकीचं आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी सगळे तेच वापरतात, कारण शेजारीही तेच वापरतो.

ज्यांना हे अगदीच सहन झालं नाही त्यांनी १८.८३ मिलिमीटरचे अचूक रूळ बनवले. हो, १८.८३! पण त्यांनीसुद्धा आधी आपली वेगळी संस्था काढली आणि मापं लिहून काढली. अचूकपणाचं वेड असलेल्यांनाही सोबत लागलीच.

*

तिसरी गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटेल, कारण तुमच्या हातातल्या फोनशी तिचं नातं आहे.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४६ च्या सुमारास, विद्यार्थ्यांनी 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' सुरू केला. जागा मिळाली 'बिल्डिंग २०' मध्ये. युद्धात रडारच्या संशोधनासाठी घाईघाईने बांधलेली ती लाकडी इमारत तात्पुरती म्हणून बांधली होती आणि पाडली १९९८ मध्ये.

या क्लबात दोन तऱ्हेची मुलं होती. काहींना टेबलावरचं जग आवडायचं. ती डबे रंगवायची, डोंगर करायची. बाकीची टेबलाखाली असायची. तिथे तारा होत्या, रिले होते, टेलिफोन एक्स्चेंजमधली यंत्रसामग्री होती. कुठल्या रुळाला वीज कधी द्यायची, सांधा कधी फिरवायचा, हे सगळं टेलिफोनच्या त्या सामानातून चालायचं. त्यांची 'सिग्नल्स अँड पॉवर' नावाची उपसमिती होती. खोलीची किल्ली मागून मिळायची नाही. चाळीस तास लेआउटवर काम करा, मग किल्ली.

एखाद्या कल्पक जोडणीला ही मुलं 'हॅक' म्हणायची आणि ती करणाऱ्याला 'हॅकर'. हा शब्द संगणकाच्या जगात रुजला तो मुख्यतः याच खोलीतून. टेबलाखालच्या मुलांना विद्यापीठातले संगणक सापडले आणि ती तिकडे वळली. १९६१ मध्ये तिथे पीडीपी-१ हा संगणक आला. १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी त्यावर 'स्पेसवॉर' हा खेळ लिहिला. संगणकाच्या पुढ्यातल्या खटक्यांवर खेळून हाताची कोपरं दुखायला लागली, तेव्हा अॅलन कोटोक आणि बॉब सॉंडर्स यांनी रेल्वे क्लबातल्या सुट्या भागांतून खेळायच्या पेट्या बनवल्या. गेमिंगच्या कंट्रोलरच्या इतिहासात या पेट्यांचं नाव अगदी सुरुवातीला येतं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ इंजिनाकडे बघत बसले. टेलिफोनचे स्विच, टेलिफोनच्या तारा. काका पुण्यातल्या एका गच्चीवर नेमकं हेच करत होते. पण त्यांच्या टेबलाखाली शिरून "हे कसं चालतं?" असं विचारणारं कुणी नव्हतं. मी होते, तर मी फक्त दांडी ओढली.

*

पुण्याला छोट्या गाड्या नव्या नाहीत. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. पुण्यातल्या पुष्कळ मुलांसारखी मीही ते पाहिलंय. एका माणसाच्या वेडाला स्वतःची जागा आणि दार मिळालं, तर ते किती टिकतं याचं ते उदाहरण आहे. पण संग्रहालयात आपण कठड्याच्या अलीकडे उभे असतो. मला टेबलाखाली शिरायचं होतं.

म्हणून मी बुधवार पेठेत, तापकीर गल्लीजवळच्या एका दुकानात चिठ्ठी लावली. मोटर, तारा, छोटे दिवे घ्यायला या छंदाचा माणूस तिथे येणारच असा हिशोब. "छोट्या रेल्वेची आवड असेल तर रविवारी भेटू." महिनाभर काही नाही. मग एक निवृत्त बँक अधिकारी आले. मग इंजिनियरिंगची एक विद्यार्थिनी, तिला गाड्यांचं काही नव्हतं, सर्किटचं होतं. मग एक सुतार, त्यांच्या मुलाला घेऊन.

पहिल्याच रविवारी भांडण झालं. माप कुठलं?

आपल्याकडे हा प्रश्न जरा जास्तच अवघड आहे. बाजारात मिळणारे बहुतेक रूळ परदेशी मापाचे. ८७ पट लहान गाडीला साडेसोळा मिलिमीटरचा रूळ, कारण तिकडचा खरा रूळ १४३५ चा. आपला ब्रॉडगेज १६७६ चा. त्याला ८७ ने भागा, सव्वाएकोणीस येतात. तो रूळ विकत मिळत नाही. म्हणजे डेक्कन क्वीन करायची तर एकतर रूळ घरी बनवा किंवा डोळे मिटून अरुंद रुळावर चालवा. बँकवाले काका म्हणाले, चालवू. विद्यार्थिनी म्हणाली, मग ती डेक्कन क्वीन कसली?

तेव्हा मी पिशवीतून इंजिन काढलं आणि बार्शी लाइटचा हिशोब मांडला. ७६२ भागिले ८७. उत्तर ८.७६. नऊ मिलिमीटरचे रूळ तर सर्रास मिळतात, ते 'एन' नावाच्या लहान गाड्यांचे असतात. फरक पाव मिलिमीटरचा. इंग्लंडमधले नॅरोगेजवाले याच रुळांवर आपल्या छोट्या गाड्या चालवतात. कॅल्थ्रॉपने बार्शीनंतर तिकडे लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे उभारली, १९०४ साली, याच अडीच फुटी मापाची. ती १९३४ मध्ये बंद पडली, पण मॉडेलवाल्यांनी तिला सोडलेलं नाही.

मी बोलत होते आणि ती मुलगी इंजिनाच्या चाकांना व्हर्नियर कॅलिपर लावून बसली होती. "ताई," ती म्हणाली, "ही चाकं नऊची नाहीत. पावणेनऊची आहेत."

तेव्हा कळलं. काकांनी रूळ विकत घेतलेच नव्हते. त्यांनी ७६२ ला ८७ ने भागलं होतं, आलेलं उत्तर प्रामाणिकपणे घेतलं होतं आणि चाकं, रूळ, सांधे सगळं त्या मापाने केलं होतं. साध्या रुळावर तेवढा फरक खपून जातो. सांध्यात चाकाला नेमक्या फटीतून जावं लागतं, तिथे खपत नाही. काकांचा हिशोब बाजारातल्या रुळांपेक्षा अचूक होता. पण तो त्यांच्या एकट्याचा होता, आणि त्याला जुळणारा प्रत्येक रूळ भंगारात गेला होता.

*

चाकं आसावर दाबून बसवलेली असतात. ती थोडी बाहेर सरकवता येतात. पण मला ते करवेना. काकांनी बसवलेली चाकं मी हलवायची? बँकवाले काका म्हणाले, काचेच्या पेटीत ठेवू, शोभेल. सुतारकाका म्हणाले, "पेटी देतो करून. पण मग ते इंजिन राहणार नाही."

मी काकूंना फोन केला. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "चालायला हवंय ना ते? मग कर. पण जुनं माप लिहून ठेव हं. न लिहिलेलं त्यांना खपायचं नाही."

दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिलंय. जुनं माप, नवं माप, तारीख. खाली आमचे नियम. रूळ नऊ मिलिमीटर. प्रत्येकाने एकेक तुकडा करायचा, ३१० मिलिमीटर लांबीचा. टेबलावर मांडायच्या 'टी-ट्रॅक' पद्धतीचं हे माप आहे, ते बऱ्याच देशांत चालतं. कडेला रूळ कुठे येणार ते ठरलेलं, मधे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. तुकडा पलंगाखाली मावतो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये दहा फुटी फळीपेक्षा हे बरं. आणि कुणी क्लब सोडला, कुणी गेलं, तरी त्याचा तुकडा उरलेल्यांच्या टेबलावर जोडता येतो.

तुमच्या गावात कुणी भेटत नसेल तर चिठ्ठी लावून बघा. दोन माणसं पुरतात. एक टेबल हवं, ठरलेला वार हवा आणि एक वही. गाडी शेवटी घेतली तरी चालते. माप मात्र पहिल्या दिवशी लिहा.

गेल्या रविवारी आम्ही चाकं सरकवली. आठ जोडचाकं म्हणजे चार आस. प्रत्येक चाक केसभर बाहेर. सरकवताना ते फिरू द्यायचं नसतं, कारण डाव्या-उजव्या बाजूच्या दांड्या एकमेकींशी काटकोनात असतात. कोन बिघडला की चाकं अडकतात. अडीच तास लागले. सुतारकाकांच्या मुलाला सांध्याची दांडी दिली होती. मी म्हटलं, "सांधेवाल्या, लक्ष कुठाय?"

इंजिन निघालं. पहिला सांधा गेला. दुसरा गेला. तिसऱ्यावर पडलं. मागची चार छोटी चाकं सरकवायची राहूनच गेली होती.

वहीत नोंद केली. पुढच्या रविवारी बघू.